भारी स्पीकर, बेताचे बजेट: ॲम्प्लिफायर जुळवण्याचा हिशेब

स्पीकर घेण्यात बजेटचा मोठा वाटा गेला आणि ॲम्प्लिफायरला उरलेल्या पैशांत भागवायचे आहे, अशी वेळ बहुतेकांवर येते. त्यात वावगे काही नाही. आवाजातला सर्वांत मोठा फरक स्पीकरच पाडतात, तेव्हा पैसा तिथेच जायला हवा. गडबड होते ती त्यानंतर. दुकानात पहिला प्रश्न असतो "किती वॅटचा आहे?" आणि उत्तरात मिळणारा आकडा बहुधा ८ ओहमचा असतो. (ओहम हे स्पीकर करंटला किती विरोध करतो त्याचे माप. ओहम कमी, तेवढा करंट जास्त.) आपला स्पीकर मात्र वाजताना ८ ओहमवर थांबतच नाही. म्हणून ॲम्प घेताना ४ ओहमसमोरचा आकडा वाचायचा, आणि तो वाचण्याआधी आपल्याला तो किती लागतो ते काढायचे. पुढचा सगळा लेख त्यासाठीच आहे.

कोल्हापूरकरांना हा हिशेब जास्तच कामाचा. आपलाच स्पीकर आणि मनातला ॲम्प एकत्र ऐकायचा तर बऱ्याचदा २३० किलोमीटरवरचे पुणे गाठावे लागते, आणि तिथेही नेमकी तीच जोडी लावलेली मिळेल याचा भरवसा नसतो. कागद, पेन, मोजपट्टी आणि एक बरा मल्टिमीटर एवढ्यावर निवड दोन-तीन ॲम्पवर आणता येते. मग ऐकायला जाण्यात अर्थ आहे.

१. आधी स्पीकरचा कागद वाचा

माहितीपत्रकात दोन आकडे शोधायचे: सेन्सिटिव्हिटी आणि मिनिमम इम्पिडन्स.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये २.८३ व्होल्टला बरोबर १ वॅट जातो, म्हणून हा आकडा ठरला. ४ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्याच व्होल्टेजला २ वॅट जातात. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने सरस दिसतो, पण ते ३ डेसिबल ॲम्पकडून जास्त करंट ओढून आलेले असतात. कागदावर '२.८३ व्होल्ट' लिहिले आहे की '१ वॅट', हे म्हणून बघायचे. काही कंपन्या, विशेषतः हॉर्न ट्विटरवाल्या (ट्विटर म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर), खोलीच्या भिंतींचा फायदा धरून मोजलेला आकडा छापतात. तिथे ३ डेसिबल कमी धरून चला.

इम्पिडन्स, म्हणजे ओहममध्ये मोजलेला हा विरोध, एकच एक आकडा नसतो. फ्रिक्वेन्सी बदलते तसा तो वर-खाली होतो. 'नॉमिनल ८ ओहम' हे ढोबळ वर्णन आहे. ॲम्पला घाम फुटतो तो सगळ्यात खालच्या बिंदूला. केईएफ एलएस५० मेटा बघा: सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल, नॉमिनल ८ ओहम, पण मिनिमम ३.५ ओहम. व्हार्फडेल लिंटन: ९० डेसिबल, नॉमिनल ६, मिनिमम इथेही ३.५ च्या आसपास. दोघांचा तळ जवळपास सारखा, पण पहिल्याला तेवढ्याच आवाजासाठी तिप्पट वॅट लागतात. याच्या उलट टोकाला बीबीसीने १९७० च्या दशकात तयार केलेला एलएस३/५ए. सेन्सिटिव्हिटी ८२-८३ डेसिबल, म्हणजे बराच मंद, पण मूळ इम्पिडन्स १५ ओहम. त्याला व्होल्टेज लागते, करंटची मागणी अगदी थोडी. असा स्पीकर साध्या ॲम्पवरही सुखाने वाजतो, फक्त फार मोठा वाजत नाही.

'रेकमेंडेड पॉवर ४० ते १०० वॅट' अशी ओळही कागदावर असते. तिचा अर्थ स्पीकर किती सहन करेल याचा अंदाज, एवढाच. तुमच्या खोलीत किती लागेल ते त्यातून कळत नाही.

२. खोली, अंतर आणि ऐकण्याची सवय

बसायच्या जागेपासून स्पीकरपर्यंत अंतर मोजा. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल कमी होतात. घरात भिंती आवाज परत पाठवतात, त्यामुळे घट कमी होते. साधारण हिशेबाला २ मीटरला ४ डेसिबल, २.७ मीटरला, म्हणजे ९ फुटांना, ६ आणि ४ मीटरला ८ डेसिबल घट धरा. दोन्ही स्पीकर मिळून ३ डेसिबल परत मिळतात.

राजारामपुरीतला आरसीसी फ्लॅट आणि मंगळवार पेठेतला जुना वाडा यांत फरक पडतो. फ्लॅटमध्ये खाली टाइल्स, वर स्लॅब, समोर उघडी भिंत. आवाज मोठा वाटतो, पण खर्ज घुमतो आणि वरचे सूर टोचतात. ॲम्प बदलून ते जाणार नाही. स्पीकर आणि बैठकीच्या मध्ये जाड धनगरी घोंगडे दुपदरी अंथरा, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट असू द्या आणि स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा. घोंगड्याने टोचणे कमी होते, स्पीकर पुढे ओढल्याने घुमणे. वाड्यात लाकडी तक्तपोशी खर्ज बराचसा शोषून घेते. तिथे हाच स्पीकर थोडा हडकुळा वाटू शकतो, तेव्हा भिंतीजवळ सरकवून बघा.

आता आवाज किती मोठा हवा ते. फोनवर साऊंड मीटरचे ॲप घ्या. ते काही डेसिबल इकडेतिकडे दाखवते, पण अंदाजाला पुरते. शेजारी घरात असताना आरामात ऐकतो तो सरासरी आवाज ७० ते ७५ डेसिबल, मन लावून मोठ्याने ऐकायचा ७८ ते ८० आणि ८५ म्हणजे घरात समोरच्याशी बोलायला ओरडावे लागेल इतका.

खरा खेळ सरासरीचा नसतो, उसळीचा असतो. सरासरी ७८ असली तरी तबल्याच्या थापेला क्षणभर आवाज १५-२० डेसिबलने वर जातो. ॲम्पची ताकद त्या क्षणासाठी लागते. ही उसळी तुम्ही काय ऐकता त्यावर ठरते. आजकालची फिल्मी गाणी दाबून मास्टर केलेली असतात. त्यांत उसळी ८ ते १० डेसिबलच. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेले जुने गायनही तसेच, कारण त्या माध्यमातच मोठी चढउतार मावत नव्हती. अल्लादिया खाँसाहेबांच्या या गावात त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या ऐकणारे पुष्कळ आहेत. त्यांना फार वॅट लागत नाहीत. पण अलीकडे नीट ध्वनिमुद्रित केलेला तबला सोलो, पखवाज किंवा पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा ऐकायचा असेल तर १८ ते २० डेसिबल धरा.

३. वॅट काढा

उदाहरण घेऊ. स्पीकर ८५ डेसिबलचा, अंतर ९ फूट.

८५ वजा ६ (अंतर) अधिक ३ (दोन स्पीकर) = ८२. म्हणजे प्रत्येक स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले की जागेवर ८२ डेसिबल मिळतात.

सरासरी ७८ हवी, उसळी १८: एकूण ९६. फरक ९६ वजा ८२ = १४ डेसिबल.

डेसिबलचे वॅट असे होतात: ३ म्हणजे दुप्पट, ६ म्हणजे चौपट, १० म्हणजे दहापट, १३ म्हणजे वीसपट, १४ म्हणजे पंचवीसपट, १६ म्हणजे चाळीसपट, २० म्हणजे शंभरपट, २१ म्हणजे सव्वाशेपट. तेव्हा इथे ८ ओहमच्या मापाने २५ वॅट लागतात.

याच घरात कुणी ८५ सरासरीवर अडून बसले तर फरक २१ डेसिबल होतो, म्हणजे १२५ वॅट. आवाज ७ डेसिबलने वाढवला आणि ॲम्प पाचपट मोठा लागला. स्पीकर ९० डेसिबलचा असता तर याच दोन पातळ्यांना ८ आणि ४० वॅटमध्ये काम झाले असते. स्पीकर अजून घ्यायचा असेल तर हे लक्षात ठेवा. सेन्सिटिव्हिटीतल्या ५ डेसिबलमुळे ॲम्पचा खर्च एका झटक्यात खाली येतो.

४. ४ ओहमची परीक्षा

८ ओहमला २५ वॅट म्हणजे १४.१ व्होल्ट, आणि लाटेच्या टोकाला २० व्होल्ट. स्पीकर खरोखर ८ ओहमवर राहिला असता तर २० भागिले ८, म्हणजे अडीच अँपिअरमध्ये भागले असते. पण इम्पिडन्स ३.५ वर उतरतो त्या फ्रिक्वेन्सीला तेच २० व्होल्ट ५.७ अँपिअर मागतात. १२५ वॅटच्या मागणीला टोक ४४.७ व्होल्टचे, आणि करंट जवळजवळ १३ अँपिअर. स्वस्त ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर इथे मार खातात. मोकळ्या रस्त्यावर ट्रॅक्टर किती पळतो यावरून तो उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या चढावर ओढेल की नाही ते ठरत नाही, तसेच ८ ओहमच्या वॅटचे आहे.

म्हणून नियम सोपा: हिशेबात जेवढे वॅट निघाले त्याच्या किमान दुप्पट आकडा ॲम्पच्या ४ ओहमसमोर छापलेला हवा. मिनिमम ३.५ किंवा त्याहून खाली असेल, तर वर आणखी पाव हिस्सा ठेवा. इम्पिडन्स कमी असतानाच करंट आणि व्होल्टेज यांची लय चुकत असेल, आणि खर्जाच्या वरच्या पट्ट्यात बऱ्याच स्पीकरांत ती चुकते, तर ॲम्पवर कागदी आकड्यापेक्षा जास्त भार पडतो.

उदाहरणाला डेनॉन पीएमए-६००एनई हा ॲम्प घ्या: ८ ओहमला ४५ वॅट, ४ ओहमला ७०. आपली गरज २५, दुप्पट ५०, पाव हिस्सा धरून ६२. पास. मरांट्झ पीएम६००७: ८ ओहमला तेच ४५, पण ४ ओहमला ६०. काठावर. दुकानात दोघांची ओळख "४५ वॅटचा" हीच होईल, फरक दुसऱ्या आकड्यात आहे. केंब्रिज ऑडिओ सीएक्सए८१ चे आकडे ८० आणि १२०. ९० डेसिबलच्या स्पीकरला मोठ्या आवाजात ४० वॅट लागत होते, त्याला हा पुरून उरतो. आणि १२५ वॅटच्या मागणीला यांतला एकही पुरत नाही. तिथे ४ ओहमला दुप्पट २५० आणि पाव हिस्सा धरून ३१२ च्या वर आकडा हवा. एवढा मोठा ॲम्प परवडत नसेल तर बसायची जागा दोन फूट पुढे घेणे किंवा सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर) जोडणे हे उपाय आधी करा.

४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल तर तो बहुधा सांगण्यासारखा नसतो. अशा ॲम्पवर मागच्या पत्र्यावर '६ ते १६ ओहम' असे छापलेले सापडते. काही ॲम्पला मागे इम्पिडन्सचा स्विच असतो. तो 'लो' वर केल्याने ॲम्प ताकदवान होत नाही. आतले सप्लाय व्होल्टेज कमी होते, गरम कमी होतो आणि वॅटही घटतात.

आकडे वाचताना आणखी दोन गोष्टी पाहा. '१० टक्के डिस्टॉर्शनला' दिलेले वॅट म्हणजे आवाज फाटलेला असतानाचे वॅट. १ टक्क्याला तोच ॲम्प साधारण पाव हिस्सा कमी देतो. एव्ही रिसीव्हरच्या (टीव्ही-सिनेमासाठीच्या अनेक चॅनलच्या ॲम्पच्या) जाहिरातीत 'एक चॅनल, १ किलोहर्ट्झ' असे बारीक अक्षरांत असते. दोन चॅनल पूर्ण पट्ट्यात वाजताना तेवढे मिळत नाहीत. 'पीएमपीओ', म्हणजे क्षणिक ताकदीचा फुगवलेला आकडा, लिहिलेले खोके हातातही घेऊ नका. अमेरिकेत १९७४ पासून वॅट कसे मोजून छापायचे याचा नियम आहे. जिथे '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल, ०.०x टक्के' असे लिहिलेले दिसेल तो आकडा विश्वासाचा.

५. हिशेब खरा का, ते मल्टिमीटरने बघा

ही चाचणी आवर्जून करा. मित्राचा किंवा जुना कोणताही ट्रान्झिस्टरचा ॲम्प चालेल, स्पीकर मात्र आपलेच हवेत.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात १२० हर्ट्झचा साइन टोन (एकच शुद्ध सूर) तयार करा, अँप्लिट्यूड ०.२५ ठेवा. ०.२५ म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या चौथा हिस्सा, १२ डेसिबल खाली. फाइल वेव्ह स्वरूपात साठवा. नेहमीच्या प्लेअरवर तुमचे सगळ्यात चढउताराचे गाणे लावा आणि ॲम्पचा व्हॉल्यूम हवा तेवढा मोठा करा. याहून मोठे कधीच लावणार नाही, इथपर्यंत. आता व्हॉल्यूमला हात न लावता गाणे थांबवा, ॲम्प बंद करा, स्पीकरच्या वायरी काढा, पुन्हा चालू करून टोन वाजवा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, दोन्ही प्रोब एकाच चॅनलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर.

वाचन ३.५ व्होल्ट आले तर चारने गुणा: १४ व्होल्ट. चौदाचा वर्ग भागिले ८ म्हणजे २४.५ वॅट. रेकॉर्डिंगची उसळी कमाल पातळीला टेकते तेव्हा तुमचा ॲम्प एवढे देऊ शकला पाहिजे. कागदावरचे २५ आणि हे २४.५ जवळ आले की निर्धास्त व्हा. चाचणी ५ वॅटच दाखवत असेल तर निम्म्या किमतीचा ॲम्प चालेल. बऱ्याच घरांत तसेच निघते.

सावध राहायच्या जागा: प्लेअरमध्ये 'व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन' बंद हवे, नाहीतर टोनची पातळीच बदलते. जुना ॲम्प लहान असेल आणि गाण्यातच आवाज फाटत असेल तर चाचणी बाद. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, ॲम्प स्पीकर काढून कधीही वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

मिनिमम इम्पिडन्स कागदावर नसेल तर तोही मोजता येतो. ॲम्पच्या लाल टर्मिनलला १०० ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, त्याच्या पुढे आधी ८.२ ओहमचा रेझिस्टर आणि मग काळे टर्मिनल. १०० हर्ट्झचा टोन लावून ८.२ ओहमवर ८२ मिलिव्होल्ट येतील इतका व्हॉल्यूम ठेवा. मग ८.२ च्या जागी स्पीकर लावा. आता १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १ ओहम. ४० हर्ट्झपासून ४०० हर्ट्झपर्यंत टोन बदलत जा आणि सगळ्यात कमी वाचन टिपा. ३६-३७ मिलिव्होल्ट दिसले तर तळ ३.५ ओहमला आहे. यासाठी एसी मिलिव्होल्टची रेंज असलेला मीटर लागतो. साध्या पिवळ्या मीटरवर एसीला २०० आणि ६०० व्होल्ट एवढ्याच रेंज असतात, त्याला हे दिसत नाही. बहुतेक मीटर हजार हर्ट्झच्या वर चुकीचे दाखवतात, म्हणून ४०० पाशी थांबा. पण खर्जातला तळ, जो ॲम्पला सगळ्यात जड जातो, तो या पट्ट्यात सापडतो.

६. बजेटमध्ये काय काय बसते

क्लास डीचे, म्हणजे ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या ॲम्पचे, छोटे डबे सध्या पैशाला सर्वांत जास्त वॅट देतात. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ ही आयसी असते. आयसी चांगली आहे, पण डब्यावर '३०० वॅट' लिहिलेले असते आणि सोबत ३२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर येतो. गणित मांडा: ३२ गुणिले ५, एकूण १६० वॅट, तेही दोन चॅनल मिळून आणि आतली घट सोडून. ३२ व्होल्टवर ८ ओहमला साठाच्या आतच वॅट मिळतात. ४८ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर घेतला तर एकूण २४० वॅट आणि व्होल्टेजही दीडपट. म्हणून डब्याआधी अडॅप्टर विचारा. पैसे वाचवायला कमी अडॅप्टर घेण्यात हशील नाही.

या डब्यांचा दुसरा गुण-दोष बारकाईने समजून घ्यावा. आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. फीडबॅक, म्हणजे चूक सुधारण्यासाठी आउटपुटचा परत घेतलेला नमुना, फिल्टरच्या आधीच घेतला असेल तर वरच्या सुरांचा तोल स्पीकरच्या इम्पिडन्सवर बदलतो. ४ ओहमला ट्विटर किंचित दबतो, ८ च्या वर किंचित चढतो. एकाच्या घरी "फार तिखट" आणि दुसऱ्याच्या घरी "मऊ" असे एकाच डब्याबद्दल ऐकू येते ते यामुळे. 'पोस्ट फिल्टर फीडबॅक' असलेला डबा थोडा महाग पडतो, पण चांगल्या स्पीकरला तोच घ्यावा. हायपेक्सच्या एनसी२५२एमपीसारख्या मॉड्यूलमध्ये हा प्रश्नच उरत नाही, आणि ४ ओहमला २५० वॅट मिळतात.

दुसरा मार्ग जुन्या क्लास एबी, म्हणजे नेहमीच्या ट्रान्झिस्टर पद्धतीच्या, ॲम्पचा. वजनदार ट्रान्सफॉर्मरचा, सुस्थितीतला जुना ॲम्प आजच्या त्याच किमतीच्या नव्या ॲम्पपेक्षा ४ ओहमला जास्त टिकतो. त्याची तपासणी पुढे दिली आहे.

तिसरा, साऊंडवाल्यांकडचा स्टेजचा पॉवर ॲम्प. वॅट भरपूर, २ ओहमपर्यंत चालतो. अडचण पंख्याची. मंडपात ऐकू न येणारा पंखा रात्री शांत खोलीत तानपुऱ्याच्या मागे सतत घरघरतो. इनपुटला व्हॉल्यूमचे बटन असले तरी रिमोट नाही, आणि बराच वापर झालेला असतो. पंखा नसलेला किंवा तापमानाप्रमाणे फिरणारा मिळाला तरच विचार करा. भाषणासाठीचा १०० व्होल्ट लाइनचा ॲम्प या कामाचा नाही.

व्हॉल्व्हचा ८-१० वॅटचा ॲम्प ९५ डेसिबलच्या वरच्या, सपाट इम्पिडन्सच्या स्पीकरला शोभतो. ८५ डेसिबलच्या स्पीकरला नाही.

७. जुना ॲम्प घेताना

मागची पट्टी वाचा. 'एसी १०० व्होल्ट' असेल तर तो जपानच्या बाजाराचा; २३० वर लावला की फ्यूज किंवा ट्रान्सफॉर्मर जातो. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत मिळवा, आणि तो पट्टीवरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या.

बरेच दिवस बंद असलेला ॲम्प थेट लावू नका. दुरुस्तीवाले वापरतात तो सिरीज लॅम्प, म्हणजे फेजमध्ये मालिकेत जोडलेला ६० किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब, आधी लावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. ही युक्ती ट्रान्सफॉर्मरवाल्या ॲम्पसाठीच. एसएमपीएसवाले (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय असलेले) सिरीज लॅम्पवर नीट चालूच होत नाहीत.

मग डीसी बघा. स्पीकर न लावता, इनपुट रिकामे, मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर. पाच मिनिटांनी प्रत्येक चॅनलवर २० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० पर्यंत चालेल, १०० च्या वर असेल तर दुरुस्ती होईपर्यंत स्पीकर लावू नका. चालू केल्यावर काही सेकंदांनी रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) 'टक' आवाज यायला हवा. लहान आवाजात एक चॅनल जात-येत असेल तर रिलेचे काँटॅक्ट खराब, आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या दमटपणाने हे हमखास होते. रिले बदलणे स्वस्त आहे. व्हॉल्यूम फिरवताना खरखर आली तर कंट्रोल साफ करून चालते. झाकण उघडून मोठ्या कपॅसिटरची टोपी फुगली आहे का आणि आउटपुट ट्रान्झिस्टर एकाच प्रकारचे आहेत का ते बघा. एका चॅनलला वेगळे बसवलेले असतील तर तो ॲम्प एकदा जळून दुरुस्त झाला आहे. बाजारात नकली ट्रान्झिस्टर पुष्कळ असतात, तेव्हा असा ॲम्प सोडा.

८. जोडणी

स्पीकरच्या वायरला वेगळा पैसा घालू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानातली २.५ चौरस मिलिमीटरची दोन कोअर तांब्याची फ्लेक्सिबल वायर ५ मीटरला जाऊन-येऊन ०.०८ ओहम घेते, १.५ ची ०.१३. स्पीकरच्या मिनिममच्या ५ टक्क्यांच्या आत असले की झाले, म्हणजे ३.५ ओहमला ०.१७. वायर ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट दिसली तर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, ते नको.

डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारा डबा) किंवा सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. फोनचा हेडफोन जॅक बऱ्याचदा १ व्होल्टपेक्षा कमी देतो, म्हणून "ॲम्पमध्ये दम नाही" असे वाटते. दोष ॲम्पचा नसतो. उलट, नऊ वाजायच्या जागेवरच व्हॉल्यूम कान फाडत असेल तर ॲम्पचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवतो तो आकडा, जास्त आहे. अशा वेळी प्लेअरचा आउटपुट ६ ते १० डेसिबलने कमी करा, नाहीतर कंट्रोलच्या सुरुवातीच्या भागात डावा-उजवा तोल चुकतो.

क्लास डीच्या डब्यांत बहुतेक वेळा काळे टर्मिनलही जिवंत असते. त्यावर ग्राउंडच्या मानाने निम्मे सप्लाय व्होल्टेज दिसते आणि ते बरोबरच आहे. दोन चॅनलची काळी टर्मिनले एकत्र जोडू नका, काळ्याला अर्थिंग देऊ नका, आणि सबवूफरची हाय लेव्हल वायर (ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलवरून जाणारी) जोडण्याआधी कंपनीची सूचना वाचा. इथे चूक झाली की आयसी तत्क्षणी जाते.

सबवूफर लावणार असाल तर मुख्य स्पीकरांना जाणारा खर्ज ८० हर्ट्झला कापणारा हाय पास फिल्टर हवा. त्याने ॲम्पचा भार खरोखर हलका होतो. फिल्टर नसेल तर सबवूफर वेगळा वाजतो, ॲम्पला तेवढेच ओढावे लागते.

९. वाजवल्यावर काय बिघडते

मोठ्या आवाजात थापेला तबल्याचा डग्गा बोथट होतो आणि सोबतचा आवाज कर्कश वाटतो: ॲम्प क्लिप होतोय, म्हणजे ताकद संपून लाटेची टोके कापली जाताहेत. तसाच रेटत राहिलात तर ट्विटर जळतो. क्लिप झालेला ॲम्प आपल्या छापील वॅटच्या दुपटीपर्यंत ताकद सोडू शकतो, आणि दबलेल्या लाटेत ट्विटरच्या वाट्याला सतत जास्त ताकद जाते. म्हणूनच ३० वॅटचा रेटलेला ॲम्प १०० वॅटच्या सांभाळून वाजवलेल्या ॲम्पपेक्षा स्पीकरला धोकादायक.

पंधरा-वीस मिनिटांनी आवाज बंद पडतो आणि थंड झाल्यावर परत येतो: थर्मल प्रोटेक्शन. ॲम्प शोकेसच्या बंद कप्प्यात आहे का बघा. वर किमान चार इंच मोकळे हवेत.

खर्जाच्या एखाद्याच सुरावर बंद पडतो: करंट कमी पडतो, म्हणजे ४ ओहमची परीक्षा नापास.

मिरजेच्या तानपुऱ्याची जवारी हा उत्तम कस आहे. हळू आवाजात तानपुरा लावा. स्वरांवर बारीक धूर बसल्यासारखे वाटले, झंकार मिटमिटत नसला, तर ॲम्पचा आवाजाचा पाया घाणेरडा आहे. मग इनपुट काढून, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, ट्विटरला कान लावा. हिस्स आवाज एक फुटावर ऐकू येत असेल तर गेन जास्त आहे.

विजेचा घुमणारा हम येत असेल तर आधी सगळे इनपुट काढा. हम गेला तर दोष ग्राउंड लूपचा, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून वायरींत फिरणाऱ्या करंटचा. टीव्हीच्या केबलची किंवा लॅपटॉपच्या तीन पिनी चार्जरची वायर काढून बघा. सगळी उपकरणे एकाच बोर्डाच्या एकाच पट्टीवर घ्या. हम तसाच राहिला तर ॲम्पमधले सप्लायचे कपॅसिटर बघायला द्या. ॲम्पची अर्थिंगची पिन कापून हम घालवणारे दिसतात. पत्र्याचा डबा आणि २३० व्होल्ट असताना तो प्रकार अजिबात करू नका. त्याऐवजी टीव्हीच्या केबलला आयसोलेटर लावा, किंवा टीव्हीचा आवाज ऑप्टिकल वायरने डॅकला द्या. ऑप्टिकल वायरीतून ग्राउंड जातच नाही, त्यामुळे टीव्हीच्या बाजूने येणारा लूप तिथेच तुटतो.